संमती एकदाच, बांधकाम वर्षानुवर्षं

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत, मजल्यावरच्या सामायिक संडासाच्या रांगेत ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांना ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं, तेही वरळीतच. मुंबईच्या पुनर्विकासाच्या इतिहासात ही मोठी घटना आहे. ज्यांना ही चाळ ठाऊक आहे, त्यांना तो आनंद खोटा वाटणार नाही. त्याच दिवशी नायगावात, ना. म. जोशी मार्गावर आणि वरळीच्याच उरलेल्या चाळींमध्ये मात्र लोक वेगळंच विचारत होते: आमच्या इमारतीचा कितवा स्लॅब पडला? आमचा नंबर कधी?

मुंबईत पुनर्विकासावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. गिरगावातल्या पागडीच्या खोलीत, विलेपार्ल्यातल्या तीन मजली सोसायटीत, धारावीतल्या पोटमाळ्यावर, मुलुंडच्या रिकाम्या भूखंडाला लागून राहणाऱ्यांत, सगळीकडे चर्चा एकच. वर्तमानपत्रांत ती ‘रहिवाशांचा विरोध’ किंवा ‘रहिवाशांचा पाठिंबा’ अशा दोन शब्दांत मांडली जाते. नीट ऐकलं तर त्यात विरोध फार थोडा असतो. पडकी इमारत कोणालाच नको असते. लोक हिशेब विचारत असतात, क्रम विचारत असतात, तारीख विचारत असतात. या शहरात रहिवाशाचं मत कायद्याने एकदाच विचारलं जातं, संमतीपत्रावर सही घेताना. बांधकाम मात्र पुढे सात, दहा, कधी पंधरा वर्षं चालतं आणि त्या सगळ्या काळात त्याच्या मताला कुठे जागाच नसते. पुनर्विकासाभोवतीचा बहुतेक अविश्वास या मधल्या वर्षांत तयार होतो.

हे असं का झालं, त्याचं उत्तर जुन्या इमारतींच्या गणितात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळालं, पण डागडुजी करण्याचं मालकाला कारण उरलं नाही. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ उभं राहिलं आणि शहर भागातल्या १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. रहिवाशांनी उपकर भरायचा, मंडळाने टेकू लावायचे, गिलावा करायचा. इतक्या इमारती नव्याने बांधायला लागणारा पैसा सरकारकडे कधीच नव्हता. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने नियम ३३(७) च्या रूपाने वाट काढली: जुन्या रहिवाशांना फुकट घर द्या आणि त्या बदल्यात वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) घेऊन विक्रीची घरं बांधा. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनालाही हेच तत्त्व लागू झालं. पुढे ३३(९) ने ते समूह विकासापर्यंत नेलं.

म्हणजे रहिवाशाच्या घराचा खर्च बाजारातला अनोळखी ग्राहक देतो. बाजार तेजीत असेल तर रिहॅबचं, म्हणजे जुन्या रहिवाशांच्या इमारतींचं, काम चालतं, मंदी आली की थांबतं. कोणाची इमारत आधी पाडली जाईल हे तिच्या भेगांवर ठरत नाही, ती ज्या रस्त्यावर आहे तिथल्या चौरस फुटाच्या भावावर ठरतं. दादर-माहीमच्या मोक्याच्या चाळीसाठी चार बिल्डर रांगेत उभे राहतात आणि डोंगरीच्या चिंचोळ्या गल्लीतल्या तितक्याच जुन्या इमारतीकडे कोणी फिरकत नाही. ‘आमच्याकडे बिल्डर का येत नाही’ ही तक्रारही या शहरातलं एक मतच आहे. विरोधाच्या बातम्यांत ती हरवून जाते.

संमतीचा टप्पा सगळ्यात गजबजलेला. पूर्वी बहुतेक ठिकाणी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची. आता उपकरप्राप्त इमारती, झोपडपट्टी योजना आणि गृहनिर्माण संस्था या तिन्हींकडे निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे ५१ टक्के पुरते. अट खाली आणण्यामागचं कारण खरं होतं, दोन-चार आडमुठ्या सभासदांमुळे शेकडो लोक धोक्यात राहत होते. पण उरलेल्या ४९ टक्क्यांचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला. सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत वाद कशावर होतात ते पाहावं. कार्पेट किती टक्के जास्त, कॉर्पस निधी किती, भाडं किती आणि दरवर्षी किती वाढणार, पार्किंग एक की दोन, बँक गॅरंटी देणार का. हे सगळे प्रश्न रास्त आहेत, पण यात मिळकतीचा भाग मोठा आणि वेळापत्रकाचा छोटा असतो. सर्वांत जास्त कार्पेट देऊ करणाऱ्याकडे लोकांचा कल जातो. त्या आकड्यात प्रकल्प आर्थिकदृष्ट्या तग धरेल का, हे सभेला समजावून सांगणारा माणूस बहुधा बिल्डरनेच आणलेला सल्लागार असतो. वीस टक्के कमी जागा देणारा, पण आधीच्या तीन इमारती वेळेत पूर्ण केलेला विकासक मतदानात हरतो. इथे थोडा दोष आपल्या मध्यमवर्गीय सभासदांकडेही जातो, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

मग एक दिवस इमारतीभोवती पत्रे लागतात. लोक कोणी बोरिवलीला, कोणी ठाण्याला, कोणी पार नालासोपाऱ्याला भाड्याने जातात. शाळा बदलतात, ऐंशीच्या घरातल्या आईवडिलांना नवा डॉक्टर शोधावा लागतो, चाळीचा गणपती मंडपाविना अडून राहतो. याच काळात सगळ्यात जास्त मतं बनतात आणि याच काळात ती ऐकणारं कोणी नसतं.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्राचाळीची, कथा या मधल्या काळाची सगळ्यात कडू कथा आहे. ४७ एकर जागा, ६७२ कुटुंबं. २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. घरं रिकामी झाली, चाळ पाडली गेली. रहिवाशांच्या इमारती बांधण्याआधीच विक्रीचा एफएसआय इतर विकासकांना विकला गेला. त्यातून हजार कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा आरोप पुढे सक्तवसुली संचालनालयाने ठेवला आणि प्रकरण राजकारणात गाजलं. रहिवाशांना मात्र त्याआधीच कितीतरी वर्षं भाडं मिळायचं थांबलं होतं. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाला काढून टाकलं, निवृत्त मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या समितीने मार्ग सुचवला, २०२२ मध्ये म्हाडाने काम पुन्हा सुरू केलं. ६७२ घरं तयार होऊन सोडतीपर्यंत पोहोचायला २०२५ उजाडलं. करारावर सही करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर हयात नव्हते. ज्यांनी पन्नाशीत घर सोडलं, त्यांची मुलं भाड्याच्या घरांत मोठी झाली, तिथूनच लग्न होऊन गेली.

यात फसवणूक करणारा हात एकीकडे होता, पण ती इतकी वर्षं चालली, कारण बांधकाम कुठवर आलं आणि पैसे कुठे गेले हे रहिवाशांना नियमितपणे सांगायला कोणी बांधील नव्हतं. आजही ती उणीव बऱ्याच अंशी तशीच आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने आणि १ मे २०१७ पासून काम करणाऱ्या महारेराने घर विकत घेणाऱ्याला मोठं बळ दिलं. त्याच्याकडून घेतलेल्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, दर तिमाहीला प्रगतीची माहिती संकेतस्थळावर टाकावी लागते, उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. त्याच भूखंडावर आपली जमीन आणि घर सोडून गेलेला जुना रहिवासी मात्र या कायद्याच्या लेखी ‘ग्राहक’ नाही. सेल बिल्डिंगचा कितवा मजला झाला हे सिंगापुरात बसलेल्या गुंतवणूकदाराला कळतं आणि रिहॅब विंगचा प्लिंथ कधी होणार हे परळच्या भाडेकरूला पत्र्याच्या फटीतून पाहावं लागतं. त्याने करारभंगासाठी दिवाणी न्यायालयात जावं, म्हाडाकडे जावं, झोपडपट्टी असेल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे (एसआरए) जावं. या रहिवाशांना रेराच्या छत्राखाली आणलं पाहिजे ही मागणी जुनी आहे आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नात तीच पहिली व्हावी.

एसआरएने २०२३ मध्ये एक पाऊल टाकलं. झोपड्या पाडण्याआधी विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरायचं आणि तिसऱ्या वर्षाचे धनादेश पुढच्या तारखांचे द्यायचे. विकासकांनी यावर नाराजी दाखवली, भांडवल अडकतं म्हणाले. झोपडीवासीयांना हा नियम लगेच पटला, कारण थकलेलं भाडं म्हणजे काय ते त्यांनी अनुभवलं होतं. एकेका योजनेत वर्षानुवर्षं भाडं न मिळालेली माणसं पुन्हा फूटपाथला लागून झोपडी टाकतात आणि मग ‘पुन्हा अतिक्रमण झालं’ अशी ओरड होते. आधी भाडं भरून घेण्याचा हा साधा नियम सोसायट्यांच्या आणि चाळींच्या पुनर्विकासालाही लागू झाला पाहिजे.

या सगळ्यात बीडीडीचा प्रकल्प वेगळा आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींची जमीन सरकारची, काम म्हाडाचं, बांधणारी कंपनी ठेकेदार म्हणून नेमलेली. बिल्डरची हमी नसून राज्याची हमी. तरीही २०१७ मध्ये भूमिपूजन झालं आणि वरळीत प्रत्यक्ष कामाला २०२१ उजाडलं. मधल्या काळात रहिवाशांवर ‘अडवणूक करतात’ असा ठपका आला. ते काय मागत होते? खोली सोडण्याआधी नोंदणीकृत करार हवा, पात्रतेचा निकाल आधी लागावा, परत यायचं घर कोणतं ते कागदावर असावं. पत्राचाळ समोर दिसत असताना याहून शहाणी मागणी कोणती? ती बऱ्याच अंशी मान्य झाली, तेव्हाच खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. काम लांबलं हे खरं, पण अडवणुकीने नव्हे. लोकांचे प्रश्न भूमिपूजनाच्या आधी सोडवायचे असतात, इथे ते नंतर सोडवायला घेतले.

गोरेगावच्या मोतीलालनगरमध्ये या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १४३ एकरांची म्हाडाची वसाहत, रहिवाशांना १,६०० चौरस फुटांचं घर देऊ केलेलं. बाहेरच्याला वाटेल, यावर कोण तक्रार करेल? पण तिथली बैठी घरं, मागची मोकळी जागा, वर चढवलेला मजला, त्यावर चालणारा छोटा धंदा, हे सगळं धरून रहिवाशांच्या काही संघटना २,४०० चौरस फुटांवर अडून राहिल्या. न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हाडाला प्रकल्प पुढे नेण्याची मुभा दिली. म्हाडा स्वतः विशेष प्रकल्प म्हणून काम हाती घेते तेव्हा रहिवाशांच्या संमतीची अट उरत नाही. आकड्यावर मतभेद असू शकतो, मला १,६०० फूट कमी वाटत नाहीत. संमतीच नको म्हटल्यावर लोकांचं ऐकून घेण्याची सक्ती मात्र पूर्णच संपते. धारावीची सहाशे एकरांच्या आसपासची वस्तीही याच वाटेवर आहे. १ जानेवारी २००० आधीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फूट मिळणार, बाकीच्यांना मिठागरांच्या जमिनींपासून देवनारच्या कचराभूमीपर्यंतच्या जागा दाखवल्या गेल्या. चामडं, कुंभारकाम, शिवणकाम, पापड यांवर जगणाऱ्या वस्तीत घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो. तिथल्या माणसाला किती फूट मिळणार याइतकंच कुठे मिळणार आणि माझं मशीन कुठे बसणार हेही विचारावं लागतं.

पुनर्विकासात आणखी एक आवाज आहे, शेजाऱ्यांचा. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामाच्या अधिमूल्यावर वर्षभरासाठी ५० टक्के सवलत दिली आणि मंजुऱ्यांचा पूर आला. त्याची फळं विलेपार्ले, चेंबूर, मुलुंड, बोरिवलीच्या गल्ल्यांमध्ये दिसतात. एकाच रस्त्यावर चार-पाच इमारती एकाच वेळी पाडलेल्या, खडी-सिमेंटचे ट्रक, पहाटेपर्यंत चालणारं काँक्रीट, घराघरांत खोकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने धुळीसाठी २७ कलमी नियम काढले. मोठ्या भूखंडांवर ३५ फूट उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे वगैरे. ते पुरेसे पाळले गेले नाहीत म्हणून डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामं महापालिकेला थांबवावी लागली. पाणी, गटारं, रस्ता, शाळा यांच्या क्षमतेचा हिशेब मात्र इमारतीगणिक होतो, गल्लीसाठी कोणीच करत नाही. तीन मजल्यांच्या जागी बावीस मजले आले तर नळाला पाणी किती येणार, हा शेजाऱ्याचा प्रश्न कोणत्याही संमतीपत्रात बसत नाही.

मुलुंडमध्ये प्रकल्पबाधितांसाठी बांधल्या जाणाऱ्या हजारो घरांना स्थानिकांनी मोठा विरोध केला. उपनगराच्या टोकाला, आहे त्याच रस्त्यांवर आणि स्टेशनवर हा बोजा का, ही त्यांची तक्रार मला योग्य वाटते. त्याच विरोधात अधूनमधून ‘तसली माणसं इथे नकोत’ असा सूर लागतो. तो ऐकताना वाईट वाटतं, कारण मुलुंडही कधीकाळी गिरगाव-परळमधून बाहेर पडलेल्यांनीच वसवलं. पार्ल्यातल्या ‘पार्ले पंचम’ या संस्थेने नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी काही काळ ५० टक्के घरं राखीव ठेवावीत अशी मागणी केली. ती कायद्यात बसेल का, हा वेगळा वाद. तिच्यामागची भीती खरी आहे: पुनर्विकासाने जुन्याला जागा मिळते, पण त्याच्या मुलाला त्याच गल्लीत दुसरं घर घेणं अशक्य होतं. भाव त्याच्या हाताबाहेर जातात आणि पुढची पिढी डोंबिवली-बदलापूरची गाडी धरते.

पुनर्विकास न होणाऱ्यांची स्थिती त्याहून कठीण. विमानतळाच्या फनेल झोनमधल्या पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरच्या इमारतींना उंचीचं बंधन आहे. एफएसआय कागदावर असून वर चढवता येत नाही, म्हणून विकासक येत नाही. दक्षिण मुंबईत अरुंद भूखंडांची हीच गत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातल्या पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ही इमारत समूह विकास योजनेतच होती. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही मागे राहिली होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरीची केसरबाई इमारत पडली. अशा बातमीनंतर ‘लोक खाली का करत नाहीत’ असं विचारलं जातं. खाली करून संक्रमण शिबिरात गेलेल्यांपैकी कितीतरी कुटुंबं तिथेच दशकं घालवून बसली आहेत, मूळ जागी परतली नाहीत. ते शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पडक्या घराची भीती आणि शिबिराची भीती, यांतून माणूस ओळखीची भीती निवडतो.

नव्या इमारतीत राहायला गेल्यावर मत पुन्हा बदलतं. विसाव्या मजल्यावरचा उजेड, स्वतःचा संडास, मुलींना मिळालेला आडोसा, याचं मोल चाळीत न राहिलेल्याला कळणार नाही. बायका हे सर्वांत मोकळेपणाने बोलतात. पण लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा देखभाल खर्च महिन्याला हजारोंत जातो, तो चाळीच्या भाड्याची सवय असलेल्यांच्या निवृत्तिवेतनात बसत नाही. कॉर्पसचं व्याज किती वर्षं पुरणार, हे करारावर सही करताना फार कमी जण विचारतात. एसआरए इमारतींत याचं टोक दिसतं. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये, जिथे दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे, खालच्या मजल्यांवरचा अंधार, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जयभवानी इमारतीला रात्री आग लागून माणसं दगावली, तीही एसआरए इमारतच होती. घर मिळालं की विषय संपला, असं मानणाऱ्या धोरणाचे हे परिणाम आहेत.

स्वयंपुनर्विकासाबद्दल आशा वाढली आहे, ती याच अनुभवांमुळे. सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने सोसायट्यांना सवलती दिल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्ज दिलं आणि काही सोसायट्या बिल्डरविना उभ्या राहिल्या. नफा सभासदांकडे राहतो, म्हणून जागा जास्त मिळते, हा त्यातला ठळक मुद्दा. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा: पैसे कुठे खर्च झाले आणि किती स्लॅब झाले, हे सभासदांना दर महिन्याच्या बैठकीत कळतं. पण पंधरा-वीस सभासदांत दोघं-तिघं तरी झोकून देणारी, हिशेब कळणारी आणि वेळ असलेली माणसं लागतात. दोनशे खोल्यांच्या पागडीच्या चाळीला, जिथे जमीनमालक वेगळा आणि भाडेकरूंमध्येच तीन गट, तिला हा रस्ता आज तरी मोकळा नाही.

शिवडीच्या बीडीडी चाळींचा प्रश्न तर अजून सुरुवातीलाच अडला आहे. जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राची, त्यामुळे वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या प्रकल्पात ती आली नाही. चाळी त्याच काळातल्या, खोल्या तेवढ्याच, भिंतींना भेगा तशाच. तिथले रहिवासी दर काही महिन्यांनी मुंबईत आणि दिल्लीत निवेदनं देतात. त्यांची मागणी सोपी आहे: वरळीला जे मिळालं ते आम्हाला द्या आणि खोल्या सोडायला सांगण्याआधी तारखांसकट लेखी द्या.